कॉर्नवॉलच्या कड्यावरून पुन्हा एकदा: सेंट आइव्ह्ज ते पेन्झान्स

पार्ल्याचा पादचारी

मंडळी, यंदा म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात मी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या पाऊलवाटेचा एक तुकडा तिसऱ्यांदा चालून आलो. पहिल्यांदा चाललो तो २००३ मध्ये, तेव्हा वय एकोणचाळीस होते. मध्ये २०११ साली कामाच्या गडबडीतून तीन दिवस मिळाले होते, पण ती धावपळच झाली. या खेपेस सेवानिवृत्तीनंतर, सौभाग्यवतींसह आणि सात दिवस हाताशी ठेवून गेलो. येथे अनेकांना परदेशातील पदभ्रमणाबद्दल कुतूहल आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एखाद्या ठिकाणी दुसऱ्यांदा जाण्यात काय हाती लागते आणि काय निसटते, हाही या लेखाचा विषय आहे.

संपूर्ण वाट सॉमरसेटमधील माइनहेड गावापासून निघते आणि डेव्हन व कॉर्नवॉलला वळसा घालून डॉर्सेटमधील पूल बंदराच्या मुखाशी संपते. तिची लांबी १,०१४ किलोमीटर आहे आणि त्यातील सगळे चढ एकत्र केले तर एव्हरेस्टच्या उंचीच्या सुमारे चौपट भरतात. मी चालतो तो भाग सेंट आइव्ह्ज ते पेन्झान्स असा जेमतेम ६५ किलोमीटरचा आहे. वाटेवर दिशादर्शक म्हणून ओकच्या फळाचे लहान चित्र कोरलेले असते आणि समुद्र सतत उजव्या हाताला ठेवायचा, एवढा नियम पाळला की नकाशाची गरज फारशी पडत नाही.

ही वाट निसर्गप्रेमींसाठी आखलेली नव्हती, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. कोस्टगार्ड दलाची स्थापना १८२२ साली झाली. ब्रँडी, चहा आणि तंबाखू चोरून उतरवणाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी त्या दलाच्या शिपायांना किनाऱ्यावरचा प्रत्येक कोनाकोपरा डोळ्यांखालून घालावा लागे. त्यामुळे सोयीची सपाटी सोडून वाट कड्याच्या अगदी धारेने जाते, आणि जिथे जिथे ओढा समुद्राला मिळतो तिथे खाली उतरून पुन्हा वर चढते. पायांची दया करणे हे त्या शिपायांच्या कामात बसत नसे.

सेंट आइव्ह्ज ते झेनर हे अंतर कागदावर दहा किलोमीटर आहे. सह्याद्रीत हयात घालवलेल्या माणसाला दहा किलोमीटरचे काय मोठे, असे मला २००३ मध्ये वाटले होते आणि तीच चूक मी यंदा पुन्हा केली. या टप्प्यात मध्ये गाव नाही, हॉटेल नाही, वाट सोडून डांबरी रस्त्याला लागण्याची सोय जवळपास नाही. मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या शिळांवरून हात टेकत जायचे, मग चिखल, मग नेच्यांचे रान, मग पुन्हा शिळा. पूर्वी मला चार तास लागले होते, या वेळी साडेसहा लागले. त्यातला निदान एक तास मी दम खाण्यासाठी थांबून 'दृश्य पाहतो आहे' असे स्वतःला सांगण्यात घालवला असेल. तक्रार मात्र नाही, कारण भरभर चालणाऱ्या माणसाला सील दिसत नाहीत. एका बेटवजा खडकावर करड्या सीलचे पाच-सहा जीव पसरलेले होते आणि त्यांचा रडल्यासारखा आवाज वर कड्यापर्यंत ऐकू येत होता. मागच्या दोन्ही वेळी मी तिथूनच गेलो असणार, पण मला त्यांची आठवणसुद्धा नाही.

मे महिन्यात कड्यावर गुलाबी रंगाच्या थ्रिफ्टचे गुच्छ आणि पिवळ्याधमक गॉर्सची काटेरी झुडपे एकाच वेळी फुललेली असतात. गॉर्सच्या फुलांना ऊन तापल्यावर ओल्या खोबऱ्याचा वास येतो. ही माझी कल्पना नाही, तिथले लोकही हेच सांगतात. फक्त आपल्याला तो वास आला की नारळाच्या वड्या आठवतात आणि त्यांना काय आठवत असेल, ते मी विचारले नाही.

झेनर ते पेंडीन हा दुसरा दिवस. याच टप्प्यात माझी एक ठरलेली जागा होती. गर्नार्ड्स हेड हा भूशिराचा सुळका ओलांडल्यावर पोर्थमिऑर नावाचा छोटा, आत वळलेला किनारा लागतो. तिथे शेताच्या दगडी बांधात, माणसाला ओलांडता यावे पण गुराला जाता येऊ नये अशा पायऱ्या बसवलेल्या होत्या. त्यांना तिकडे स्टाइल म्हणतात. कोकणातील वाडीच्या तोंडाशी असलेल्या बेड्याचाच हा दगडी भाऊबंद. २००३ मध्ये मी त्या पायऱ्यांवर तासभर बसलो होतो, आणि त्यानंतर बावीस वर्षांत मुंबईच्या लोकलमध्ये घाम पुसत उभा असताना मी शेकडो वेळा मनाने तिथे जाऊन बसलो आहे. यंदा ती जागा मला सापडली नाही. कडा ढासळल्यामुळे वाट काही मीटर आत वळवली असल्याची पाटी तिथे होती, त्या पलीकडे ताजे तारेचे कुंपण होते, आणि पायऱ्यांचा मागमूस नव्हता. बहुधा त्या दगडांसकट समुद्रात गेल्या. थोडा वेळ मी त्या कुंपणाशी उभा राहिलो. तेवढ्यात समुद्रावरून दाट धुके आले आणि पेंडीनच्या दीपगृहापर्यंतचा पुढचा सगळा रस्ता पायाखालची जमीन बघत कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींचा प्रदेश लागतो. बोटलॅक येथे कड्याच्या पायथ्याशी, लाटांच्या तुषारांत उभ्या असलेल्या दोन इंजिनघरांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. तेथील बोगदे समुद्रतळाच्या खालून दूरवर गेलेले आहेत. शेजारच्या लेव्हंट खाणीत कामगारांना वर-खाली नेणारे, हलत्या दांडीवर पायठाणे बसवलेले यंत्र होते. २० ऑक्टोबर १९१९ रोजी पाळी संपवून माणसे वर येत असताना त्या दांडीचा वरचा जोड तुटला आणि ३१ जण मृत्युमुखी पडले. पूर्वी मी हा भाग 'अवशेष सुंदर आहेत' एवढ्यावर ओलांडला होता. या वेळी अर्धा दिवस तिथेच गेला. आपल्याकडच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत १८८० च्या दशकापासून जे परदेशी खाणकामगार आले, त्यांत कॉर्नवॉलचे लोक मोठ्या संख्येने होते. या ओसाड धुराड्यांकडे पाहताना ते इतक्या लांब का आले असतील, हे विचारावे लागत नाही.

लँड्स एंडबद्दल फार लिहीत नाही. देशाचे पश्चिम टोक म्हणून गर्दी, गर्दी म्हणून दुकाने. दहा मिनिटे पुढे चालले की पुन्हा एकांत सुरू होतो. त्यापुढे नँजिझल, पोर्थग्वारा आणि पोर्थकर्नो ही नावे ओळीने येतात. पोर्थकर्नोला रोइना केड या बाईंनी आपल्या बागेखालच्या कड्यात स्वतः राबून उभारलेले मिनॅक हे खुले नाट्यगृह आहे. १९३२ मध्ये तिथे पहिले नाटक झाले. रंगमंचाची मागची भिंत म्हणजे थेट समुद्र. शेवटचा टप्पा पोर्थकर्नो ते पेन्झान्स, सुमारे १८ किलोमीटर, मी दोन दिवसांत विभागला आणि माउसहोल गावी मुक्काम केला.

प्रश्न असल्यास अवश्य विचारा.

सह्यभटक

लेख आवडला, पण मनात आलेले स्पष्ट लिहितो, राग मानू नये. रेवसपासून रेडीपर्यंत आपल्याला एवढा मोठा किनारा लाभला आहे, त्यावर जलदुर्ग आहेत, दीपगृहे आहेत, कातळशिल्पे आहेत. एवढा विमानखर्च करून तीनतीनदा एकाच परक्या वाटेवर जाण्यापेक्षा ते पैसे आणि ते गुडघे कोकणात का खर्च करू नयेत? 'परदेशात सगळे चांगले' या चालीवर आपण लिहिलेले नाही हे मान्य आहे, तरीही प्रश्न उरतोच.

पार्ल्याचा पादचारी

राग कसला, हा प्रश्न मला घरातूनही विचारला गेला आहे. कोकणचा किनारा मी तुकड्यातुकड्याने चाललो आहे. दिघी–आगरदांडा, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा जलवाहतुकीच्या फेऱ्यांमुळे खाड्या ओलांडण्याची सोय पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे, आणि सौंदर्यात कोकण कुठेही उणे नाही.

फरक सौंदर्याचा नसून हक्काचा आहे. तिकडे सार्वजनिक पाऊलवाट ही कायद्याने नोंदलेली असते. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला अशा वाटांचे अधिकृत नकाशे करणे भाग पाडले. वाट खासगी शेतातून जात असली तरी ती बंद करण्याचा अधिकार शेतकऱ्याला नाही, आणि चालणाऱ्यालाही वाट सोडून पिकात शिरण्याचा अधिकार नाही. पुढे २००९ च्या सागरी कायद्याने इंग्लंडच्या संपूर्ण किनाऱ्यालगत चालण्याची वाट असावी असे ठरवले, आणि कडा खचला तर वाट त्याबरोबर आत सरकवता यावी, अशी तरतूदही त्यात ठेवली. दरवेळी जमीनमालकाशी नव्याने झगडा करावा लागत नाही. उलट माझा अनुभव असा आहे की, रायगड जिल्ह्यातील ज्या पाखाडीने मी १९९६ मध्ये समुद्रावर उतरलो, तिथे आज एका बंगल्याचे फाटक आणि रखवालदार आहे. गावकऱ्यांनाही वळसा पडतो. मुंबईत तर समुद्राच्या कडेने सलग तासभर चालायचे म्हटले की मरीन ड्राइव्ह, जुहूची पुळण आणि आता कोस्टल रोडच्या कडेचा पदपथ अशी मोजकी ठिकाणे आठवावी लागतात. कोकणात अशी नोंदलेली वाट झाली, तर मी विमानाचे तिकीट काढणार नाही, हे लिहून देतो.

ठाणेकरीण

मला वाटेपेक्षा आपल्या सौभाग्यवतींची काळजी वाटते आहे. आपण कडे चढत होता तेव्हा त्या काय करत होत्या? माझ्याही घरी एक गिर्यारोहक आहेत आणि माझे गुडघे त्यांच्या उत्साहाला साथ देत नाहीत, म्हणून विचारते. शिवाय आम्ही शाकाहारी आहोत.

पार्ल्याचा पादचारी

ताई, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि मूळ लेखात हे राहून गेले ही चूकच झाली. तिचा एक गुडघा शस्त्रक्रियेचा आहे. सेंट आइव्ह्ज, झेनर, पेंडीन, सेंट जस्ट, सेनन, लँड्स एंड, पोर्थकर्नो आणि पेन्झान्स या साऱ्या ठिकाणांना जोडणारी, वरून उघडी दुमजली बस उन्हाळ्यात धावते. सकाळी मी वाटेला लागायचो, ती न्याहारीनंतर सावकाश बसने पुढच्या मुक्कामी जायची. बसच्या वरच्या मजल्यावरून दिसणारी छोटी शेते, त्यांचे प्राचीन दगडी बांध आणि पलीकडचा समुद्र यांचे तिने केलेले वर्णन ऐकून, आपण खाली चिखलात काय करत होतो, असा प्रश्न मला एकदोनदा पडला. झेनरच्या चर्चमध्ये एका लाकडी बाकाच्या कडेला पाचएकशे वर्षांपूर्वी कोरलेली जलपरी आहे, एका हातात आरसा आणि दुसऱ्यात फणी. गावातील गोड गळ्याच्या तरुणाला तिने समुद्रात नेले, अशी दंतकथा आहे. मी साडेसहा तासांनी चिखलाने माखून तिथे पोहोचलो, तेव्हा ही त्या बाकाचे चित्र वहीत काढून मोकळी झाली होती.

सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या सेवा मिळतात. आम्ही घेतलेल्या सेवेने एक दिवस आमची बॅग भलत्याच गावी ठेवली आणि रात्री नऊला ती परत मिळाली, तेव्हा औषधे मात्र नेहमी पाठीवरच्या पिशवीत ठेवावीत.

जेवणाचे म्हणाल तर तिकडची पेस्टी आपल्याला समजायला अवघड नाही. ती मोठ्या आकाराची, भाजलेली, तिखटाऐवजी मिरपूड घातलेली करंजीच असते. २०११ पासून 'कॉर्निश पेस्टी' या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, आणि त्यात मुरड कडेलाच घातलेली असली पाहिजे, माथ्यावर घालून चालत नाही, अशी अट आहे. मुरडीवरून कायदा होऊ शकतो, हे ऐकून माझी आई फार खूश झाली असती. संरक्षित नावाच्या पेस्टीत गोमांस असते, परंतु चीज-कांद्याची शाकाहारी पेस्टी जवळजवळ प्रत्येक बेकरीत मिळते, विचारून घ्यावी लागते इतकेच. बाकी मेतकूट, भाजणी आणि लिंबाचे लोणचे आम्ही पार्ल्याहून नेले होते, हे सांगायला संकोच वाटत नाही.

निवृत्त तारसेवक

मी या संकेतस्थळावर सहसा वाचनापुरता असतो. आपण पोर्थकर्नोचा उल्लेख केवळ नाट्यगृहापुरता केलात, म्हणून राहवले नाही. मी १९७१ मध्ये मुंबईला ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसमध्ये रुजू झालो. पुढे १९८६ मध्ये त्याच खात्याचे विदेश संचार निगम झाले. आमच्या जुन्या वरिष्ठांच्या बोलण्यात 'पीके' ही दोन अक्षरे वारंवार येत. ती पोर्थकर्नोच्या तारघराची सांकेतिक खूण होती.

१८७० च्या जून महिन्यात त्या पुळणीवर समुद्राखालून आलेली तार वर काढण्यात आली आणि इंग्लंड मुंबईशी जोडले गेले. ती तार लिस्बनजवळील कार्काव्हेलोस, जिब्राल्टर आणि माल्टा या मार्गाने अलेक्झांड्रियाला, तेथून जमिनीवरून सुएझला आणि मग तांबड्या समुद्रातून एडनमार्गे आपल्याकडे येत असे. आधी ती फॅल्मथ बंदरात उतरवायची योजना होती, परंतु त्या गजबजलेल्या बंदरात जहाजांचे नांगर तारेला इजा करतील या भीतीने पोर्थकर्नोची निर्मनुष्य पुळण निवडली. मुंबई ते एडन हा भाग 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने टाकला. त्याआधी खुष्कीच्या तारांनी निरोप पाठवला तर मधल्या देशांतील कारकुनांच्या हातून तो अनेकदा दिवसेंदिवस रखडे आणि त्याचे शब्दही बिघडत. नव्या मार्गाने ते काम काही मिनिटांवर आले. मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांसाठी याचा अर्थ काय झाला असेल, हे मी सांगायला नको.

दोन महायुद्धांच्या दरम्यान त्या एका चिंचोळ्या दरीत १४ समुद्री तारा येऊन मिळत होत्या. हवाई हल्ल्यापासून बचाव व्हावा म्हणून १९४०-४१ मध्ये ते तारघर ग्रॅनाइटच्या डोंगरात बोगदे खणून आत हलवले, आणि ते खणायला आपण वर्णन केलेल्या त्याच पट्ट्यातील कथलाच्या खाणींचे कामगार आणले होते. १९७० मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, ते तारघर बंद झाले. म्हणजे मी नोकरीला लागलो त्याच्या आदल्या वर्षी. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९९७ मध्ये 'फ्लॅग' ही युरोप आणि आशियाला जोडणारी प्रकाशतंतूंची समुद्री तार सुरू झाली, ती याच पोर्थकर्नोहून निघते आणि मुंबईला येते. ते काम सुरू असताना मी सेवेत होतो. तिकडची पुळण मी कधीच पाहिली नाही. आपल्याकडे तेथील छायाचित्र असेल तर कृपया द्यावे.

पार्ल्याचा पादचारी

काका, आपण लिहिलेत हे या धाग्याचे भाग्य. खरे सांगायचे तर २००३ आणि २०११ मध्ये मी त्या पुळणीवर बसून वडापावच्या आठवणी काढल्या आणि पुढे गेलो, पाठीमागे असलेल्या संग्रहालयाकडे वळून पाहिले नाही. यंदा बोगद्यात असलेले ते संग्रहालय पाहिले आणि तारांच्या नकाशावर 'बॉम्बे' हे नाव दिसल्यावर तिथल्या मार्गदर्शक बाईंना मी कुठून आलो ते सांगितले. त्यानंतर त्यांनी आम्हाला तासभर सोडले नाही. पुळणीच्या वरच्या अंगाला एक बुटकी पांढरी खोली आहे, तिच्यात समुद्रातून आलेल्या तारांची टोके आणि त्यांच्या नावांच्या पाट्या अजून आहेत. त्या खोलीची तीन छायाचित्रे आपल्याला व्यक्तिगत निरोपातून पाठवली आहेत.

एक गोष्ट आपल्या लेखनामुळे आता जुळली. पेन्झान्सला जाणारी रात्रीची गाडी सॉल्टॅश येथे टेमर नदीवरील जो पूल ओलांडून कॉर्नवॉलमध्ये शिरते, तो १८५९ साली ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेला आहे. 'ग्रेट ईस्टर्न' जहाजही त्याचेच. म्हणजे मी त्याच्या पुलावरून तिकडे गेलो आणि त्याच्या जहाजाने टाकलेली तार तिकडून आपल्याकडे आली.

वरळीचा दर्या

मी कोळीवाड्यातला. चालण्याबद्दल मला फार कळत नाही, समुद्राबद्दल विचारतो. त्या गावांत मासेमारी अजून चालते का, की सगळे पर्यटकांच्या हाती गेले? आणि तिकडे भरती-ओहोटी किती असते?

पार्ल्याचा पादचारी

माउसहोलचा जुना धक्का आता मुख्यतः पाहुण्यांसाठी उरला आहे, आणि तिथली बरीच घरे सुट्टीपुरती उघडतात, असे आमच्या यजमानीणबाई खंतावून म्हणाल्या. हे ऐकून मला आपलेच कोळीवाडे आठवले. पण तिथून चालत पाऊण तासावर असलेले न्यूलिन हे इंग्लंडमधील मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक आहे. आम्ही पहाटे गेलो तेव्हा लिलाव उरकत आला होता. आपल्या तारलीची भावंडे तिथे पूर्वी पिल्चर्ड म्हणून खारवून इटलीला जात, आता तीच कॉर्निश सार्डिन या नावाने विकली जातात. २३ डिसेंबरला माउसहोलमध्ये माशांची डोकी पिठाच्या आवरणातून वर आकाशाकडे बघत राहतील, अशी 'पाय' (pie) नावाची एक भाजलेली पेस्ट्री करतात. आमच्या घरी तो फोटो पाहून जेवण लांबले.

उधाणाला पाणी साधारण पाचएक मीटर चढते-उतरते, म्हणजे आपल्याला परका वाटावा असा आकडा नाही. आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. ब्रिटनच्या नकाशांवर डोंगरांची जी उंची लिहिलेली असते, ती न्यूलिनच्या धक्क्यावर १९१५ ते १९२१ या काळात मोजलेल्या सरासरी समुद्रपातळीपासून धरलेली असते.

माउसहोलमध्ये एक गोष्ट मात्र पूर्वी माझ्याकडून पाहिलीच गेली नव्हती. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री, वादळात इंजिन बंद पडलेल्या 'युनियन स्टार' या मालवाहू जहाजावरील माणसांना वाचवण्यासाठी गावातील आठ जण 'सॉलोमन ब्राउन' ही जीवरक्षक नौका घेऊन गेले. काही माणसे त्यांनी नौकेवर घेतली होती, तरीही अधिक माणसांसाठी ते पुन्हा जहाजाजवळ गेले. दोन्ही नौकांवरील सर्व, एकूण १६ जण, बुडाले. नाताळनिमित्त बंदरावर लावलेले दिवे त्या तारखेला दरवर्षी तासभर मालवतात. नौका ज्या घरातून समुद्रात उतरवली, ते आजही जसेच्या तसे ठेवलेले आहे, वाटेच्या अगदी कडेला.

वरळीचा दर्या

पुन्हा गेले, हे वाचून थांबलो. माझे वडील असते तर ते म्हणाले असते की, दोरी पोहोचते आहे तोवर कोण मागे फिरेल. माहितीसाठी आभारी आहे.

खडकांची विद्यार्थिनी

मी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे, आणि मूळ लेखातील त्या हरवलेल्या पायऱ्यांबद्दल थोडी शंका आहे. पेनविथ द्वीपकल्पाचा, म्हणजे आपण चाललात त्याच टोकाचा, ग्रॅनाइट सुमारे २७.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टचे वय साडेसहा कोटींच्या आसपास आहे. हा ग्रॅनाइट बावीस वर्षांत मीटरच्या हिशेबाने झिजत नाही. मात्र हिमयुगात या भागावर हिमनदी नसली तरी जमीन गोठत आणि वितळत होती. त्या काळात उतारावरून घसरून आलेल्या माती-दगडांचा सैल थर आजही अनेक आत वळलेल्या किनाऱ्यांच्या माथ्यावर आहे, आणि पावसाळी हिवाळ्यात तो एका रात्रीतही खचतो. सेंट जस्टजवळच्या पोर्थ नॅनव्हेन येथे या थराखाली प्राचीन किनाऱ्यावरचे गुळगुळीत, अंड्यासारखे मोठे गोटे उघडे पडलेले दिसतात.

तेव्हा वाट सरकली असेल, यात शंका नाही. परंतु शेताचा बांध आणि त्यातील पायऱ्या सहसा कड्याच्या अगदी ओठावर नसून थोड्या आत, टणक जागी असतात. त्या समुद्रात गेल्या असतील तर बांधाचे तुटलेले टोक तरी कड्यावर लोंबताना दिसायला हवे होते. ते दिसले का? पोर्थमिऑरला ग्रॅनाइट आणि त्याआधीचा काळा पाटीचा दगड यांची सीमारेषा फार छान दिसते. आपल्या जुन्या छायाचित्रात मागे कोणता खडक आहे, हे पाहता येईल का?

पार्ल्याचा पादचारी

बांधाचे टोक दिसले नाही, आणि तसा विचारही माझ्या मनात आला नव्हता. २००३ मधील छायाचित्रे फिल्मवर काढलेली आहेत आणि अल्बम माळ्यावर आहे. रविवारी काढतो.

सह्यभटक

हक्काचा मुद्दा पटला. डिसेंबरात गुहागरहून दक्षिणेकडे समुद्र उजव्या हाताला ठेवून तीन दिवस चालण्याचा आमचा बेत आहे. किती ठिकाणी फाटक आडवे येते, याची नोंद ठेवीन आणि वेगळा धागा काढीन. पार्ल्याचे पादचारी आले तर आनंदच होईल, मेतकूट आम्ही आणू.

पार्ल्याचा पादचारी

येतो. फक्त दिवसाला पंधरा किलोमीटरच्या वर नको.

अल्बम सापडला. छायाचित्रात त्या पायऱ्यांवर मी बसलेला आहे, आणि माझ्या खांद्यामागे पेंडीनचे दीपगृह इतके जवळ आहे की त्याच्या आवाराची पांढरी भिंत स्पष्ट दिसते. पोर्थमिऑरहून ते तसे दिसणे शक्य नाही, ते तिथून कितीतरी पुढे आहे. सौभाग्यवतींनी छायाचित्राच्या पाठीमागे माझ्याच अक्षरातील नोंद दाखवली: 'पोर्थेरास, दुपारी ३'. पोर्थेरास हा दीपगृहाच्या अलीकडचा किनारा, पोर्थमिऑर आणि पोर्थेरास यांच्या मध्ये निदान दोन तासांची चाल आहे. म्हणजे बावीस वर्षे मी मनाने भलत्याच ठिकाणी जाऊन बसत होतो. यंदा पोर्थमिऑरला मी ज्या कुंपणाशी हळहळत उभा राहिलो, तिथे त्या पायऱ्या कधी नव्हत्याच. आणि जिथे होत्या, तिथून मी त्याच दिवशी धुक्यात, पायाखालची जमीन बघत, बहुधा त्यांच्यावरूनच चढून-उतरून पुढे गेलो.

मूळ लेखातील तो परिच्छेद बदलत नाही, कारण त्यावर पुढची चर्चा झाली आहे. त्याखाली एवढीच दुरुस्ती जोडतो: 'पायऱ्या शाबूत असण्याची शक्यता आहे. ठिकाण पोर्थमिऑर नव्हे, पोर्थेरास.'